मदत हवी आहे: पेच, स्क्रू, मळसूत्र... तुमच्या घरी काय म्हणतात?

नमस्कार मंडळी. आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारातले. आजोबांची हत्यारपेटी साफ करतेय आणि प्रत्येक वस्तूला मराठी नावाची चिठ्ठी लावतेय, लेकीसाठी. तिथेच अडलेय.

आजोबा स्क्रूला पेच म्हणत. फारसीत पेच म्हणजे पीळ, वळसा. म्हणून पागोट्याचाही पेच, कुस्तीतलाही पेच, आणि माणूस पेचात सापडतो तोही हाच. उत्तरायणात गच्चीवर शेजारचे गुजराती पतंगाचे पेच लढवतात, तेव्हा दोन मांजे खरोखरच एकमेकांना पीळ घालतात! मला हा शब्द फार आवडतो, पण लेक फक्त स्क्रूच म्हणते.

त्यावरच्या गोल रेषांना आम्ही आटे म्हणतो. ‘आटे गेले’ म्हणजे स्क्रू नुसता फिरतो, पकडत नाही. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात, हे आजोबांनीच हातात पाना देऊन दाखवलं होतं. इंदूरची मावशी मात्र चुडी म्हणते, हिंदीसारखं. आणि स्क्रूड्रायव्हरला इथला दुकानदार डिसमिस म्हणतो, आम्हीही तेच उचललंय.

तर सांगा: मळसूत्र हा शब्द तुमच्याकडे कुणी बोलण्यात वापरतं का, की फक्त पुस्तकात? तो अख्ख्या स्क्रूसाठी, की आट्यांसाठी? आणि डोक्यावरच्या खाचेला खाचच म्हणता, की वेगळं नाव आहे? घरातल्या जुन्या माणसांना विचारून, गावाच्या नावासकट लिहा ना.