पहिलीपासून इंग्रजी शिकलो, तरी वाक्य उलटं पडतं. सुरुवात कुठून करू?

सावदा_पॅकहाऊस (रात्री 10:40)

नमस्कार मंडळी. वय 29, तालुका रावेर. केळीच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे. घड आले की फण्या वेगळ्या करा, तुरटीच्या पाण्यातून काढा, वजन करा, खोकी भरा, कंटेनर 13 डिग्रीला लावा. हे सगळं झोपेतही जमतं. अडतं ते मोबाइलवर. माल आखातात जातो आणि मालकांचं एकच पालुपद, 'तू बारावी झालाय ना, मग पार्टीशी इंग्रजीत तूच बोलायचं.'

तर माझे पराक्रम ऐका. मागच्या हंगामात तपासणीला आलेल्या साहेबांनी 40 खोकी बाजूला काढली. मी पार्टीला लिहिलं, 'फॉर्टी बॉक्सेस रिजेक्टेड दि इन्स्पेक्टर.' पलीकडून हसून हसून रडणारे चार चेहरे आले आणि खाली प्रश्न, की खोक्यांना तो माणूस का आवडला नाही? मला अर्धा तास कळेना यात हसण्यासारखं काय आहे. मराठीत मनात म्हटलं 'चाळीस खोकी नाकारली इन्स्पेक्टरने', तेच शब्द त्याच ओळीने ठेवले होते.

हे हसण्यावारी गेलं. दुसरं अंगाशी आलं. मी लिहिलं, 'वी विल लोड टिल मंडे.' मला म्हणायचं होतं सोमवारपर्यंत माल भरून होईल. त्याला वाटलं सोमवारपर्यंत भरणंच चालू राहणार. त्याने जहाजाची जागा पुढच्या खेपेवर ढकलली. माल शनिवारीच तयार होता. चार दिवस कंटेनर लाइटवर उभा, आणि लाइटचं बिल मालकांनी माझ्यासमोर मोठ्याने वाचलं.

उपाय करून झाले. बारा काळांचा तक्ता ऑफिसच्या भिंतीवर लावलाय, तोंडपाठ आहे. पण 'काल गाडी आली नाही' एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि लिहितो काय, तर 'येस्टरडे ट्रक डिडन्ट केम.' मोबाइल त्याखाली लाल रेघ ओढतो. का ओढतो ते सांगत नाही.

क्लासला जळगावला जायला वेळ नाही. मुळापासून सुरुवात करायची तर कुठून करू?

जळगाव_चा_भो (रात्री 10:58)

काय भो, ग्रामर फिमर सोड. बिनधास्त बोलत राहायचं. समोरच्याला समजल्याशी मतलब. मी गुजरातेत सहा वर्षं माल विकला, एक काळ येत नव्हता.

सावदा_पॅकहाऊस (रात्री 11:05)

भो, बोलताना हात हलवून भागतं. लिहिलेलं तसंच राहतं, आणि त्यावर बिल निघतं. वर वाच.

बाई_अमळनेर (सकाळी 6:15)

सावदेकर भाऊ, तुमची 'खोकी' वाचून चहा सांडला. 31 वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. मी लागले तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 साली ते पहिलीपासून झालं, म्हणजे तुम्ही त्या सुरुवातीच्या पोरांपैकी. तेव्हापासून पाहतेय, शब्द वाढले पण वाक्य तिथेच अडकलंय.

आधी तो बारा काळांचा तक्ता भिंतीवरून काढा. खरंच काढा. तुमच्या तीन चुकांतली एकही त्या तक्त्याने सुटत नाही.

मराठीत 'वाघाने शेळी खाल्ली' म्हणा, 'शेळी वाघाने खाल्ली' म्हणा, नाहीतर 'खाल्ली वाघाने शेळी' म्हणा. शेळीच मेली. कारण 'ने' हा वाघाला चिकटलेला आहे. वाघ वाक्यात कुठेही जाऊन बसला तरी खाणारा तोच. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना असेच विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले. आता कर्ता आणि कर्म यांचा फरक फक्त सर्वनामांत दिसतो, म्हणजे 'ही' आणि 'हिम', 'दे' आणि 'देम'. बाकी सगळ्या नामांचं हे काम आता जागा करते. क्रियापदाच्या आधी बसला तो करणारा, नंतर बसला तो सोसणारा. तुम्ही खोकी आधी बसवलीत, म्हणून साहेबांना नाकारण्याचं पाप खोक्यांच्या माथी गेलं. 'दि इन्स्पेक्टर रिजेक्टेड फॉर्टी बॉक्सेस.' शब्द तेच, फक्त बैठक बदलली.

म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, कोणी केलं? त्याला पहिल्या खुर्चीवर बसवायचं. लगेच पुढे क्रियापद. मग काय, मग कुठे, मग केव्हा. तुमचा 'येस्टरडे' पुढे आला तरी चालतो, पण शिकताना त्याला मागेच ठेवा.

आणि पहिली खुर्ची रिकामी ठेवायची नाही. आपण नुसतं 'सापडलं!' म्हणतो, वाक्य पूर्ण झालं. 'उकडतंय' म्हणतो, कोण उकडतंय ते कोणी विचारत नाही. इंग्रजीला ते खपत नाही. करणारा कोणी नसेल तर ती 'इट'ला धरून आणते आणि खुर्चीवर बसवते, 'इट इज हॉट.' तो 'इट' म्हणजे कोण, असं मला दरवर्षी एक तरी पोरगं विचारायचं. कोणी नाही रे बाबा, खुर्ची राखायला ठेवलेला रुमाल आहे, एसटीत टाकतो तसा.

आता तुमचा 'डिडन्ट केम'. ही चूक मराठीतून कशी येते ते बघा. 'गाडी आली' हा भूतकाळ. नकार करताना आपण 'आली'ला हात लावत नाही, मागे फक्त 'नाही' जोडतो, 'आली नाही'. तुम्हीही 'केम' तसाच ठेवून 'डिडन्ट' जोडलंत. पण इंग्रजीत 'डिड' आला की तो भूतकाळाचा शिक्का स्वतःच्या अंगावर घेतो आणि मूळ क्रियापद कोरं होतं. 'दि ट्रक डिडन्ट कम येस्टरडे.' प्रश्नातही तेच, 'डिड दि ट्रक कम?' एका पावतीवर एकच शिक्का.

'तो', 'ती'च्या क्रियापदाला लागणारा 'स' हा आमच्या भागातला मोठा विनोद. तुमच्याकडे लेवा बोली, पण अहिराणी कानावर असेलच. 'तो जास', 'तो म्हनस'. मी वर्गात सांगायचे, की पोरांनो, 'तो जास' म्हणजे 'ही गोज', स आपल्या घरचाच आहे. पोरं खूश. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाने 'आय गोज' लिहून आणलं. बरोबरच होतं त्यांचं, अहिराणीत 'मी जास'सुद्धा होतं! तेव्हापासून पुढचं वाक्य जोडून सांगायला लागले, इंग्रजीत 'मी'ला आणि 'तू'ला स नाही.

'पर्यंत'चं संध्याकाळी लिहिते. भाकरी टाकायच्या आहेत.

भुसावळ_यार्ड (सकाळी 9:30)

बाईंनी बैठक छान सांगितली. माझी भर फक्त 'चा-ची-चे'च्या लांब माळेसाठी. नोकरीत रोज इंग्रजी रिपोर्ट लिहावे लागायचे, तिथे मी तुझ्यासारखाच पडायचो.

'तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या मालकाचा मुलगा.' आपण शेवटपर्यंत ऐकतो तेव्हा कळतं की गोष्ट मुलाची आहे. इंग्रजीत नेमकं उलटं, 'दि सन ऑफ दि ओनर ऑफ दि झेरॉक्स शॉप इन फ्रंट ऑफ दि तहसील ऑफिस.' शेवटच्या डब्यापासून एकेक डबा मोजत मागे ये, इंग्रजी तयार. मराठी वाक्याचं इंजिन मागे, इंग्रजीचं पुढे. कसारा घाटात मागून ढकलणाऱ्या इंजिनाला आम्ही बँकर म्हणतो, मराठीत सगळा जोर बँकरचा आहे, असं समज.

कागदावर अशी मराठी माळ लिही, शब्दांखाली शेवटाकडून आकडे टाक. पंधरा दिवस केलं की मग आकडे लागत नाहीत.

पांझराकाठची (दुपारी 1:10)

स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय, धुळ्यात. बाई, एक शंका. क्लासचे सर म्हणाले, 'केलंय' आणि 'केलं' यांतला फरक इंग्रजीतही आहे. 'गाडी निघालीय' म्हणजे 'दि ट्रक हॅज लेफ्ट', आणि 'गाडी काल निघाली' म्हणजे 'दि ट्रक लेफ्ट येस्टरडे'. हे पटलं. पण आमच्याकडे तर 'गाडी कालच निघालीय' असं सर्रास म्हणतात. मग काय करायचं?

बाई_अमळनेर (संध्याकाळी 7:20)

म्हणूनच तर तिथे चूक होते, बेटा. मराठी 'निघालीय'ला 'काल' चालतो, इंग्रजी 'हॅज लेफ्ट'ला नाही. वाक्यात काल, परवा, सोमवारी, 2019 साली, अशी घड्याळाची किंवा कॅलेंडरची संपलेली वेळ आली की 'हॅज'ला सुट्टी. नुसती गाडी निघाल्याची बातमी द्यायची असेल, कधी ते महत्त्वाचं नसेल, तर 'हॅज'.

आता सावदेकरांचा 'पर्यंत'. हा शब्द मराठीत दोन नोकऱ्या करतो. 'दुकान नऊपर्यंत उघडं असतं' यात काहीतरी तोवर चालू राहतं. 'नऊपर्यंत घरी ये' यात काहीतरी त्याच्या आत होऊन जातं. इंग्रजीने या दोन नोकऱ्यांना दोन माणसं ठेवलीत. चालू राहण्याला 'टिल', होऊन जाण्याला 'बाय'. तुमचं वाक्य 'वी विल फिनिश लोडिंग बाय मंडे' असं हवं होतं. ओळखायची खूण सांगते. मराठी वाक्यात 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. 'सोमवारच्या आत भरून होईल', जमलं ना? मग 'बाय'. 'दुकान नऊच्या आत उघडं असतं' कानाला खटकतं, म्हणजे 'टिल'.

'ए' आणि 'दि'वर आत्ता फार डोकं लावू नका. 'एक म्हातारी होती. ती म्हातारी रोज...' गोष्टीत पहिल्यांदा 'एक' येतो आणि मग 'ती' येते, साधारण तेवढं धरून चाला. बाकी चुकलं तरी माल परत येत नाही.

आज तुमच्या कामातली तीन वाक्यं लिहून टाका इथे. पुस्तकातली नकोत.

सावदा_पॅकहाऊस (रात्री 11:25)

बाई, तक्ता काढला. मागे भिंतीचा रंग वेगळा निघाला, मालक विचारत होते काय झालं.

ही तीन. एक, 'दि लेबर्स वॉश्ड दि बनाना.' दोन, 'दि कोल्ड रूम डिडन्ट स्टार्ट इन दि मॉर्निंग.' तीन, 'वी विल सेंड दि फोटोज बाय टेन.'

तिसरं लिहिताना आधी बोट 'टिल'वरच गेलं होतं. 'दहाच्या आत' म्हणून बघितलं, मग बदललं.

बाई_अमळनेर (सकाळी 6:05)

दुसरं, तिसरं चोख. पहिल्यात 'लेबर्स' नाही, 'वर्कर्स'. आपण मराठीत 'लेबर' माणसाला म्हणतो, 'चार लेबर आले', इंग्रजीत तो शब्द सगळ्या मजुरांना मिळून किंवा श्रमाला. आणि 'बनानाज'. एकच केळं धुतलं असेल तर गोष्ट वेगळी.

जळगाव_चा_भो (सकाळी 8:45)

बाई, मला पण घ्या वर्गात. गुजरातेत 'टिल'च लिहीत होतो सहा वर्षं. आता कळलं उधारी का लांबायची.

सावदा_पॅकहाऊस (संध्याकाळी 6:50)

आज पार्टीला पाठवलं, 'दि कंटेनर लेफ्ट अवर पॅकहाऊस ॲट फोर. इट विल रीच दि पोर्ट बाय टुमॉरो मॉर्निंग.' दोन मिनिटांत उत्तर आलं, एकच शब्द, 'नोटेड.'

बाई, यात पहिल्या खुर्चीवर कोणीच नाही. रुमालसुद्धा नाही.

बाई_अमळनेर (संध्याकाळी 7:15)

तो पैसे देतो, भाऊ. त्याला उभ्याने बोलू द्या.