मॉर्गन ल फे : चेटकीण, परी की मायाविनी?

प्रश्न : ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजाच्या गोष्टी मुलांसाठी मराठीत लिहिते आहे, आणि मॉर्गन ल फेपाशी अडले आहे. १४८५ साली छापलेल्या, इंग्रज लेखक मॅलरीच्या ग्रंथात ती आर्थरची सावत्र बहीण. आर्थर तलवार मुठीत धरून झोपलेला असतो, तलवार काही तिच्या हाती लागत नाही. मग ती नुसतं म्यान पळवते आणि तळ्यात फेकून देते. ते म्यान कमरेला असलं की जखमेतून रक्त वाहत नाही, म्हणजे मोल खरं म्यानाचंच! हिला 'चेटकीण' म्हणू का? आणि 'फे'चं काय करू, 'परी'?

प्रतिसाद : ताई, 'चेटकीण' म्हटलं की मुलांना वाकड्या नाकाची म्हातारी दिसणार. मॉर्गन राजघराण्यातली, मठात शिकलेली बाई आहे. तिच्या विद्येचा मान शब्दात राहायला हवा. 'डाकीण' तर अजिबात नको. सातपुड्यात, नंदुरबारकडे, हा शब्द आजही जिवंत बाईवर आळ म्हणून घेतला जातो, तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. तो गोष्टीत शोभेसाठी वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद : 'परी'बद्दल. 'फे' जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी लॅटिन 'फाता', म्हणजे नियतीच्या देवता. आपली 'परी' फारसीतून आली, आणि तिचं मूळ अवेस्तातली, म्हणजे पारशी धर्मग्रंथातली, 'पैरिका', म्हणजे दुष्ट मायाविनी! अवेस्तात 'यातु' (चेटूक) आणि 'पैरिका' यांचा उल्लेख जोडीने येतो. त्या 'यातु'चीच फारसीत 'जादू' झाली, आणि वेदातला 'यातुधान' तिचाच भाऊबंद. म्हणजे आपण पोराला झोपवताना सांगतो ती 'जादूची परी' मुळात दोन शापांची जोडी होती. मॉर्गनचा प्रवास नेमका उलटा. ११५०च्या सुमारास मॉन्मथच्या जेफ्री या लेखकाने लिहिलेल्या लॅटिन काव्यात ती सफरचंदांच्या बेटावरच्या नऊ बहिणींत पहिली. वनस्पतींचे गुण जाणते, रूप बदलते, जखमी आर्थरला बरं करायचं कबूल करते. खलनायिका ती पुढच्या शतकांत झाली. परी वर चढली, मॉर्गन खाली उतरली.

प्रतिसाद : ती आजही जिवंत आहे, हे राहिलं. कॉमिक्समध्ये तर आहेच. १९७२ साली चित्रकार जॅक कर्बीने 'द डेमन' या कॉमिकमध्ये तिला थेट आधुनिक काळात आणून आर्थरचा जादूगार मर्लिन याच्या पुस्तकामागे लावलं. पण मला जास्त भावतो तो शब्द 'फाता मोर्गाना'. सिसिली आणि कालाब्रिया यांच्यामधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीवर कधीकधी हवेत मनोरे, तटबंद्या उभ्या राहिलेल्या दिसतात. इटालियन लोकांनी ती मॉर्गनची करणी मानली. आज हवामानशास्त्रातही तेच नाव चालतं.

मराठीत त्याला सरसकट 'मृगजळ' म्हणतात, ते चूक आहे. मृगजळ तापलेल्या जमिनीवर दिसतं : खालची हवा गरम, आकाशाचं प्रतिबिंब पाण्यासारखं खाली पडतं. इथे उलट, खाली थंड हवा आणि वर गरम हवेचा थर. त्यामुळे लांबच्या वस्तू वर उचललेल्या, ताणलेल्या, एकीवर एक रचलेल्या दिसतात. यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे : गंधर्वनगर. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. इतका चपखल शब्द घरात असताना मृगजळाच्या गळ्यात दोन्ही अर्थ कशाला बांधायचे?

प्रश्नकर्ती : 'मायाविनी मॉर्गन' पक्कं केलं. रूप बदलणं, भुलवणं, विद्या, सगळं त्यात येतं, आणि शेवटालाही ते पेलतं. शेवटी जखमी आर्थरला न्यायला येणाऱ्या नावेतल्या राण्यांमध्ये ही मॉर्गनही आहे. एक राणी त्याचं डोकं मांडीवर घेते, त्याला भाऊ म्हणते, इतका उशीर का केलास म्हणून विचारते. तिथे मी 'भाऊराया' लिहिलं आहे. 'चेटकीण' ठेवलं असतं तर त्या ओळीला तोंड फुटलं नसतं.