डायलिसिसवरच्या माणसाने व्यायाम करावा की पडून राहावं?

सकाळची शिफ्ट

गेल्या रविवारी रंकाळ्यावर फिरत होतो, तर ओळखीच्या एका काकांनी हाताला धरून बाकावर बसवलं. "डायलिसिस चालू आहे ना तुझं? मग घरी पड की बाबा. कशाला जीव दमवतोस?" त्यांची माया खरी होती. पण हे वाक्य मी तीन वर्षं ऐकतोय आणि पहिलं वर्षभर ते पाळलंही. त्या वर्षात मांड्या इतक्या वाळल्या की घरचा एक जिना चढताना दोनदा कठड्याला धरून थांबायचो.

माझं म्हणणं असं की आपला हा थकवा पडून राहिल्याने जात नाही, वाढतो. रक्त बनवायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतून येतं. किडनी गेली की हिमोग्लोबिन घसरतं आणि धाप लागते, इथवर सगळ्यांना माहीत असतं. 1989 मध्ये अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनला परवानगी मिळाली, पेशंटांचं रक्त वाढलं. दमसासही वाढला, पण रक्ताच्या मानाने कमीच. कारण दुखणं स्नायूंतही आहे. रक्तातला ऑक्सिजन स्नायूच्या पेशीत नीट उतरत नाही, अंगातलं वाढलेलं आम्ल स्नायूंचं प्रथिन मोडतं, आणि दर डायलिसिसला साधारण 6 ते 12 ग्रॅम अमिनो आम्लं मशीनमधून वाहून जातात. त्यात आठवड्याचे बारा तास पलंगावर, आणि उरलेला वेळ घरचे उठू देत नाहीत.

जर्मनीत 21 डायलिसिस केंद्रांत वर्षभर पेशंटांकडून मशीनवर असतानाच व्यायाम करून घेतला. 2023 मध्ये त्याचे निकाल छापून आले. एका मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येतं, हे मोजलं होतं. व्यायाम करणारे सरासरी 16 वरून 19 वर गेले. नेहमीच्या उपचारांवर राहिलेले 16 वरून 15 च्याही खाली आले. मला त्यातला दुसरा आकडा जास्त लागला. काहीही वेगळं न करता, नुसतं वर्ष गेलं म्हणून एवढं बळ कमी झालं.

आपल्या कोल्हापुरातल्या केंद्रांनीही मशीनवर हलका व्यायाम सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय मत?

मंगळवार पेठेची लेक

दादा, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे. पण माझ्या वडिलांचं ऐका आणि मग बोला.

त्यांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी, आठवड्यातून दोनदाच. कुणीतरी सांगितलं, चाला, अंग मोकळं होईल. एका सोमवारी संध्याकाळी ते रंकाळ्यावर भरभर चालून आले, वाटेत शहाळंही प्यायले, आणि दारातच कोसळले. दवाखान्यात रक्तातलं पोटॅशियम 6.9 निघालं, हृदय बंद पडू शकेल इतकं. रात्रभर आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. तेव्हापासून मी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंतही एकटं सोडत नाही. तुम्ही जर्मनीचे आकडे सांगता, पण तिथे आठवड्याला तीनदा डायलिसिस, बाजूला व्यायाम शिकवणारा माणूस. आमच्याकडे कोण आहे?

सकाळची शिफ्ट

ताई, वाचून पोटात कालवलं. तुमच्या वडिलांची चूक काढत नाही, त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

पण तो दिवस बघा. शुक्रवारनंतर सोमवारची संध्याकाळ, म्हणजे दोन डायलिसिसमधल्या सगळ्यात लांब खंडाचा शेवट. साचलेलं पाणी आणि पोटॅशियम तेव्हाच सगळ्यात जास्त असतं. काम करणारा स्नायू पोटॅशियम रक्तात सोडतो. ते पुढे लघवीवाटे बाहेर टाकायला आपल्याकडे किडनी नाही. त्यात शहाळं म्हणजे पोटॅशियमचा साठाच. तेच चालणं बुधवारी सकाळी, हळू आणि शहाळ्याशिवाय झालं असतं, तर धोका कितीतरी कमी होता. आपल्या लोकांना "चाला" एवढंच सांगतात, वार कुणी सांगत नाही. मला तरी वार आधी, चालणं नंतर असंच वाटतं.

तांबडी माती

भावा, आमी तालमीतली माणसं. आजोबा खासबागेत कुस्त्या खेळलेले. ते म्हणायचे, घाम गाळला की अंगातला सगळा कचरा भाईर पडतो. किडनी बंद हाय तर घामावाटे तरी काढा की! रोज जोर-बैठका मारा, दोन म्हैन्यांत फरक दिसतोय का न्हाई बघा. माणूस पडून ऱ्हायला की संपला, हे माझं ठाम मत हाय.

फिजिओ, राजारामपुरी

पैलवान, पडून राहू नये यावर मी तुमच्याच बाजूची. पण घामाचं आणि बैठकांचं पटत नाही.

घामातून पाणी आणि मीठ जातं, थोडा युरियाही जातो, पण तेवढ्यावर रक्त साफ होत नाही. उलट तहान लागते, माणूस तांब्याभर पाणी पितो आणि पुढच्या वेळी वजन वाढून येतं. बैठकांचं तर जास्तच जपा. बरीच वर्षं डायलिसिसवर असलेल्यांची पॅराथायरॉइड, म्हणजे कॅल्शियम सांभाळणारी गळ्यातली ग्रंथी बिघडते, हाडं ठिसूळ होतात, स्नायू हाडाला बांधणारे कंडरे कमजोर होतात. गुडघ्याच्या वरचा कंडरा साध्या धडपडीत तुटलेले पेशंट असतात. त्यांना खुर्चीतून उठ-बस द्यावी, तीही हात टेकायची मुभा देऊन.

हातातल्या घड्याळातले ठोके बघून व्यायाम करणाऱ्यांनाही सांगते, त्यावर विसंबू नका. डायलिसिसच्या पेशंटांत मज्जातंतूंचा हृदयावरचा ताबा बिघडल्यामुळे ठोके मेहनतीच्या मानाने वाढत नाहीत. ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर आणखीनच नाही. घड्याळात 95 दिसतात आणि माणूस पुरता दमलेला असतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की थांबायचं.

सकाळची शिफ्ट, तुम्हालाही एक सांगायचंय. ब्रिटनमध्ये सहा महिने मशीनवर सायकल चालवून बघितली होती. 2021 मध्ये निकाल आला, तर पेशंटांच्या जगण्याच्या दर्जात फरक सापडला नाही. इटलीत मात्र घरच्या घरी ठरावीक वेगाने चालायला लावलं, आणि सहा मिनिटांत कापायचं अंतर सरासरी 328 मीटरवरून 367 वर गेलं. तो अभ्यास 2017 चा. मग केंद्रात सायकली आणायचा हट्ट कशाला? घरचं चालणं नीट शिकवा.

सकाळची शिफ्ट

ब्रिटनचा निकाल मी लिहायला हवा होता, ते राहिलं. पण त्याच वर्षी लेस्टरच्या अभ्यासात सहा महिन्यांच्या सायकलीने हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूचं वाढलेलं वजन कमी झालेलं दिसलं. आपल्यातली बरीच माणसं हृदयानेच जातात, म्हणून मला ते सोडवत नाही. शिवाय घरी कितीजण करतील? ताईंचे वडील आता घाबरलेत, ते घरी नाहीच करणार. मशीनवर निदान कुणाचीतरी नजर असते.

मशीनजवळचा

ती नजर माझी, म्हणून लिहितो. अकरा वर्षं टेक्निशियन आहे. केंद्राचं नाव लिहीत नाही.

एका शिफ्टला दहा मशीन आणि आम्ही दोघं. त्यात एकाचं बीपी खाली जातं, दुसऱ्याच्या पोटरीत गोळा येतो, तिसऱ्याचा अलार्म वाजतोय. अशात दहाजणांनी सायकलीचे पायडल मारायला सुरुवात केली आणि एकाची सुई सरकली, तर? फिस्टुलातून, म्हणजे सुया टोचायला हातात ऑपरेशनने तयार केलेल्या शिरेतून, रक्त किती वेगाने जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पेशंटांचं भलं मलाही हवंय. पण ही सूचना येते तेव्हा तिसरा माणूस कुठून आणायचा, हे कुणी बोलत नाही. सरकारी योजनेत डायलिसिस होतं, तो मोठाच आधार आहे, पण त्या पैशांत व्यायाम शिकवणारा बसत नाही.

आणि करायचंच असेल तर पहिल्या दोन तासांत. नंतर पाणी बरंच निघालेलं असतं, रक्तदाब नाजूक होतो, तेव्हा पाय हलवायला लावणं मला धोक्याचं वाटतं. दोन डायलिसिसच्या मधे अंगात चार-चार किलो पाणी वाढवून येणाऱ्याला तर त्या दिवशी नकोच.

आक्का, गंगावेस

माझे मालक सहा वर्षं डायलिसिसवर आहेत, वर साखर. त्यांच्यासारख्यांसाठी लिहिते. किडनी गेली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं. वरून चालले की साखर एकदम खाली. आमचे हे एकदा बिंदू चौकात घामाघूम होऊन बसले, मला वाटलं हृदयाचंच काहीतरी. खिशात गूळ-साखर असल्याशिवाय मी त्यांना पाठवत नाही.

दुसरं खाण्याचं. व्यायाम सांगता, पण पोटात काय आहे? डायलिसिस लागायच्या आधी डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितली होती. लागल्यावर ती वाढवायची असतात, हे आम्हाला वर्षाने कळलं. वर्षभर मऊ भात आणि फिकं वरण! आता रोज दोन अंड्यांचं पांढरं असतंच. मटण झालं तर फोडी काढून देते, रस्सा नाही, त्यात मीठ उतरलेलं असतं. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसासमोरून तांबडा-पांढरा उचलून घेताना माझेच हात जड होतात. पण आता ते जिना न थांबता चढतात.

मंगळवार पेठेची लेक

आक्का, वर्षभर मऊ भात आमच्याकडेही चाललाय. अजून चालूच होता. तुमचं वाचून आज पहिल्यांदा अंडी उकडली.

पण रंकाळ्याला माझा अजून विरोध आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून एवढ्या अटी सांगितल्या: वार बघा, वजन बघा, साखर बघा, शब्द तुटतात का बघा. सत्तरीच्या माणसाने एकट्याने हे कसं सांभाळायचं? मी दिवसभर नोकरीवर असते.

तांबडी माती

ताई, बैठकांचं मी मागं घेतो, कंडऱ्याचं ठावं नव्हतं. आबांना एकटं सोडू नका. मी रोज सकाळी मंगळवार पेठेतनंच जातो. बुधवारी आणि शनिवारी, म्हणजे डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, मी त्यांच्यासंगं चालीन. त्यांच्या चालीनं, बोलत बोलत. पुढचं तुमी ठरवा.

मशीनजवळचा

लेकीने आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावं. पोटॅशियम ताजं तपासलेलं असू दे, आणि हृदयाची सोनोग्राफी झाली नसेल तर तीही.

सकाळची शिफ्ट

टेक्निशियन दादा, सुईचं आणि माणसांचं तुमचं म्हणणं मान्य. मग सायकल सोडा. फिस्टुलाचा हात अजिबात न हलवता, पहिल्या तासात, झोपल्या झोपल्या पायाला रबरी पट्टा लावून हळू ताणायचं, एका वेळी एकाच पेशंटने. एवढं तुमच्या दोघांत जमेल का?

मशीनजवळचा

एकजण असेल तर जमेल. बीपी घेऊन, डॉक्टरांनी फाईलवर लिहून दिलं असेल तर. पण दहाजणांचं मला विचारू नका. तिसरा माणूस मिळाला की बोलू.