ताळा, ताळमेळ की पडताळा? (फाइलसोबतच्या बेरजेला शब्द हवाय)

जमाखर्च:
एका पतसंस्थेच्या तपासणी अहवालाचं मराठी करतोय, सभासदांसमोर वाचायचाय. अडलंय ते असं. पिग्मी (रोज दारोदार गोळा होणारी छोटी बचत) एजंटच्या मशीनमधली वसुली फाइल होऊन सीबीएसमध्ये (संस्थेच्या मुख्य संगणक प्रणालीत) चढते, पण मध्ये क्लार्क ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करतो. नोंदी इकडे २१२ तिकडे २१२, रक्कमही पैशापर्यंत जुळली, तरी बऱ्याच जणांचे पैसे सस्पेन्सला (कोणाचे ते न कळलेल्या रकमांच्या खात्यात) पडले, कारण खाते नंबर १६ अंकी आणि एक्सेल १५ अंकांपुढचा अंक शून्य करून टाकतो. उपाय सोपाय, सगळ्या खाते नंबरांचीच बेरीज करायची, मशीनमध्ये एकदा आणि सीबीएसमध्ये एकदा (एक्सेलमध्ये नाही!). तिला स्वतःचा अर्थ काही नाही, पण एक नंबर बदलला तरी लगेच कळतं. मी ‘नियंत्रण बेरीज’ लिहिलं, चेअरमन म्हणाले हे कोणाला कळणार?

लेखणी:
ताळा! गुणाकार झाला की नवाचा ताळा बघायचो ना शाळेत. आमच्या आजोबांचं भुसारी दुकान होतं, रात्री वही मिटताना आजी आतून विचारायची, ताळा लागला का? तो लागेपर्यंत पानं वाढायची नाही ती.

रानवारा:
ताई, नवाच्या ताळ्यात नुसती अंकांची बेरीज धरतात, त्याला ५४ आणि ४५ सारखेच, उलटापालट सुटते त्यातून. मी ३० वर्षं बँकेत काढली, आम्ही फरक बघायचो, त्याला ९ ने भाग गेला की आधी उलटे पडलेले अंक शोधायचे. ४५०० चे ५४०० झाले, फरक ९००. इतक्या कच्च्या गोष्टीचं नाव अहवालात नको.

लेखणी:
काका, खाते नंबरांची बेरीज तरी कुठे पक्की आहे? दोन खात्यांच्या रकमांची अदलाबदल झाली तर तिलाही पत्ता लागत नाही. ताळा म्हणजे हमी नव्हेच, चूक पकडायची रीत. म्हणून तर शब्द चपखल बसतो.

उंबरठा:
ताळमेळ का नको? आमच्या कार्यालयात खर्चाचा ताळमेळ महालेखापालांकडच्या आकड्यांशी घेतात. सगळ्यांना कळतो.

जमाखर्च:
तो नंतर बसून घ्यायचा असतो हो, महिन्याने. मला फाइलसोबत जाणाऱ्या आकड्याला नाव हवंय, जो जुळला नाही तर फाइल चढूच नये. आणि तीच फाइल दोनदा चढली तर बेरीज दोन्ही वेळा जुळणारच, त्याला फाइलला क्रमांकच द्यावा लागतो, तो मुद्दा वेगळा लिहिलाय.

शुद्धमती:
सस्पेन्स, क्लार्क, फाइल, सेव्ह... मराठी अहवाल आहे ना? ‘पडताळा-अंक’ लिहा. पडताळा म्हणजे प्रति अधिक ताळा, रक्कम जमा करताना हिशेबात नेमकं हेच लागतं.

उंबरठा:
रक्कम, जमा, हिशेब, तिन्ही अरबी-फारसीकडून आलेत. खर्चसुद्धा. पेशवे दप्तरातली तेरीज (हिशेबाचा गोषवारा) पण तिकडचीच, आणि ती आज अकरावीच्या पुस्तकात सुखाने नांदतेय. चारशे वर्षांनी फाइलही तशीच घरची होईल, किंबहुना झालीच आहे.

शुद्धमती:
रुळलेलं आणि आळसाने घेतलेलं यात फरक आहे. शब्द असताना उसना घ्यायचा नाही एवढंच म्हणतेय, आणि त्यावर मी ठाम आहे.

लेखणी:
मग ‘ताळ्यावर येणे’ पण यातलंच ना? डोक्याचा हिशेब परत जुळला, असं?

रानवारा:
मला तो गाण्यातला ताल वाटतो, ताळ सोडला की ताळतंत्र सुटलं. हिशेबाचा काही संबंध नाही.

लेखणी:
नाही पटत. टाळकऱ्याचा ताळ चुकला तर त्याला ताळ्यावर ये म्हणताना कधी ऐकलं नाही मी.

जमाखर्च:
मंडळी, गुरुवारी छपाईला द्यायचंय. ‘ताळा’ एकटा लिहू की ‘खाते नंबरांचा ताळा’?

उंबरठा:
त्याआधी पिग्मीला मराठीत काय लिहिलंय ते सांगा. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये उडुपीला सुरू केलेली योजना ती, रोज दोन आणे गोळा करायची. आमच्या बाजारात एजंटलाच पिग्मीवाला म्हणतात.

शुद्धमती:
दैनंदिन ठेव. त्यात काय अवघड आहे?

रानवारा:
ठेव बँकेत नेऊन ठेवतात, पिग्मी दारात येऊन नेतात. एक कसं म्हणायचं?