शब्दचर्चा : 'ताठर बहुवारिकांचे सच्छिद्र पडद्यावर शोषण'

प्रश्न : एका विज्ञानलेखासाठी वरचे शीर्षक योजले आहे. चालेल का?

उत्तर : 'शोषण' नको. टिपकागद शाई शोषतो तेव्हा शाई आत जाते. इथे बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची, लांब साखळी पृष्ठभागाला धरून राहते. त्यासाठी 'अधिशोषण' हा रुळलेला शब्द आहे. वायू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर साचतो, त्याला हाइनरिख कायसर यांनी १८८१ मध्ये 'अ‍ॅडसॉर्प्शन' ही वेगळी संज्ञा वापरली, तीही हाच फरक दाखवायला. पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा करतो तेही अधिशोषणच.

दुसरे उत्तर : माझा आक्षेप 'ताठर'ला. भूमिका ताठर असते, स्वभाव ताठर असतो. साखळीला 'ताठ' पुरे. पण ताठ म्हणजे अजिबात न वाकणारी, असा समज लेखातून होऊ देऊ नका. साखळी किती अंतरापर्यंत आपली दिशा टिकवते, त्यावरून ताठपणा मोजतात. दुपेडी डीएनएसाठी हे अंतर सुमारे ५० नॅनोमीटर, म्हणजे साधारण १५० बेस-जोड्यांइतके. पेशीतल्या अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूसाठी ते दहा मायक्रोमीटरच्याही वर जाते. त्याहून खूप लांब साखळी घेतली, तर ताठ साखळीचीही गुंडाळी होतेच. या मापाला 'दिशासातत्याची लांबी' म्हणावे, असे मला वाटते.

हे माप लेखात यायलाच हवे, कारण सगळे गणित त्यावर आहे. लवचीक साखळी पृष्ठभागावर आली की तिला आपल्या असंख्य वळणांवर पाणी सोडावे लागते. ही एंट्रॉपीची, म्हणजे शक्य आकारांच्या विविधतेची, किंमत. ताठ साखळीकडे मुळात वळणेच कमी, म्हणून गमावण्यासारखे थोडे. शिवाय ती आडवी झाली की लांबच्या लांब पट्टा एकदम टेकतो. त्यामुळे दर कडीमागे आकर्षण क्षीण असले तरी ती धरून राहते.

तिसरे उत्तर : 'सच्छिद्र' म्हटले की फक्त रचना कळते. पार कोण जाते, हे त्यातून कळत नाही. शाळेच्या पुस्तकात 'निवडक्षम पारपटल' असते, विश्वकोशी वळणाने 'पार्य पटल', म्हणजे पार जाऊ देणारा पडदा, म्हणता येईल. मात्र पटल पाण्याला पार्य आहे की खुद्द साखळीला, हे स्पष्ट लिहा. अभेद्य भिंत साखळीचे पलीकडचे सगळे आकार बाद करते, म्हणून तिथे चिकटायला आकर्षणाची एक किमान पातळी लागते. साखळीला आरपार जाता येत असेल, तर ही अडवणूक उरत नाही. आदर्श साखळीच्या, म्हणजे जिच्या कड्या एकमेकींना अडवत नाहीत अशा साखळीच्या, सिद्धान्तात अशा पटलावर अगदी क्षीण आकर्षणही पुरते, फक्त साखळी पुरेशी लांब हवी.

प्रश्नकर्ता : मग 'साखळीला पार्य असलेल्या पटलावर ताठ बहुवारिकांचे अधिशोषण' असे करतो. टेकलेला भाग, मधला उचललेला भाग आणि सुटे टोक यांना काय म्हणू?

दुसरे उत्तर देणारे : पट्टा, कमान, शेपटी. 'फास' टाळा, त्यात गाठ आवळल्याचा भास होतो. पार्य पटलावर कमानी दोन्ही बाजूंना निघतात, हे आकृतीत जरूर दाखवा.