दरवर्षी दारूच्या परवान्यावर मतदान? मॅसॅच्युसेट्सचा हा प्रकार कोणी समजावेल का

जुनेकागद:
१९०७ च्या वुस्टर शहराच्या निवडणुकीबद्दल वाचतोय. महापौर निवडायचा ते कळलं, पण त्याच दिवशी शहरात दारूचे परवाने द्यायचे की नाही यावरही हो-नाही मत, आणि तेही दरवर्षी! एकदा बंदी झाली की झाली, असं का नव्हतं? आणि बारवाल्याने धंदा कसा करायचा मग?

नदीकाठ:
१८८१ च्या कायद्यानं तसं ठरलं होतं. शहरांत साधारण डिसेंबरमध्ये मत, निकाल लागू पुढच्या १ मेपासून, परवाना फक्त वर्षाचा. म्हणजे हरलेल्या बाजूला लगेच पुढच्या डिसेंबरची तयारी. बारवाल्याची तर कायम टांगती तलवार, कारण १८८८ च्या कायद्यानं हजार माणसांमागे एकच परवाना (बॉस्टनला पाचशेमागे एक) आणि बसून प्यायच्या जागेची फी निदान हजार डॉलर, त्या काळात! त्यातला मोठा वाटा शहराच्या तिजोरीत जायचा, म्हणून 'नाही' म्हणणं म्हणजे शहरानं स्वतःचं उत्पन्न सोडणं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पायवाट:
वुस्टरनं सोडलंच की! डिसेंबर १९०७ ला 'नाही' जिंकलं, मे १९०८ पासून बार बंद, पुढच्या वर्षी परत 'नाही', आणि डिसेंबर १९०९ ला लोकांनी फिरवलं. उलट बॉस्टन शेजारच्या केंब्रिजनं १८८६ ला 'नाही' म्हटलं आणि मग वर्षानुवर्षं तेच. पण पूल ओलांडला की बॉस्टनचे बार उघडेच, त्यामुळे तिथल्या कोणाला प्यायची असेल तर अडत नव्हतं. म्हणून मी तरी 'नाही' मताला दारू सोडल्याचं मत मानत नाही, गुत्ता आपल्या गल्लीत नको एवढंच ते मत होतं.

जुनेकागद:
हे पटलं. बायकांचं मत होतं का यात?

नदीकाठ:
नाही ना, हेच मला सगळ्यात जास्त खुपतं. १८७९ पासून त्यांना शाळा समितीला मत देता यायचं, पण परवान्याच्या प्रश्नावर नाही. नवऱ्याचा पगार गुत्त्यात गेला की घर कोण चालवायचं, ज्यांना हे रोज दिसत होतं त्यांनाच विचारलं नाही, त्या फक्त बाहेर उभ्या राहून प्रचार करू शकत होत्या. मताचा हक्क आला १९२० ला, आणि तोवर देशभर दारूबंदी लागू झालेली.