कामं मिळाली, पण समानता?

पहिल्या महायुद्धामुळे बायका कामासाठी घराबाहेर पडल्या आणि समानता आली, असं म्हटलं जातं. पहिलं पटतं, दुसरं अजिबात नाही.

ब्रिटनचंच बघा. १९१४ नंतर पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत लाखो बायका रुजू झाल्या. टीएनटी हे स्फोटक हाताळून त्यांची कातडी पिवळी पडायची, म्हणून लोक त्यांना कॅनरी (एक पिवळा पक्षी) म्हणायचे. यकृत निकामी होऊन काही जणी दगावल्याही. मजुरी मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषांपेक्षा कमीच. युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये युद्धापूर्वीची कामाची पद्धत परत आणणारा कायदाच झाला. कारखान्यांतल्या बायकांची रवानगी घरी!

मताचा हक्क १९१८ मध्ये मिळाला खरा, पण तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांनाच. म्हणजे ज्या विशीतल्या पोरींनी तब्येतीची माती करून तोफगोळे भरले, त्याच बाहेर. पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी मत मिळायला १९२८ उजाडलं. याचं श्रेय मी युद्धाला देणार नाही, युद्धाआधीपासून तुरुंगात जाऊन झगडणाऱ्या बायकांना देईन. फ्रान्समध्येही पहिल्या महायुद्धात बायका अशाच राबल्या होत्या, तिथे मताचा हक्क मिळाला थेट १९४४ मध्ये.